अठ्ठावन्नावं नाव

तासगावच्या यार्डात सौदा सुरू होता तेव्हा
माझ्या खिशातल्या फोनमध्ये दिल्लीचा एक हॉल होता.
तिथं कोटवाला माणूस बेसबॉलच्या पोरांची नावं वाचायचा,
इथं अडत्या बॉक्समधनं मूठभर बेदाणा उचलून
उजेडाला धरायचा.

पहिल्या फेरीत भोपाळचा एक, सहा फूट दोन इंच.
मग इंफाळचा डावखुरा, त्याची आई रडताना दाखवली.
मग दोन सख्खे भाऊ एकाच संघानं उचलले,
निवेदक म्हणाला, ही या वर्षीची चलाख निवड.
तिसरीत आष्ट्याचा हर्षल घस्ते.
त्याला आम्ही विट्यात सहा-दोननं हरवलेलं,
तरी मला बरं वाटलं. आष्टा म्हणजे काय, आपलंच.

बेदाणा हिरवा, लांब, एकसारखा असला की दर चढतो.
काळ्याला शेवटी हात लावतात.
काळा जास्त गोड असतो असं म्हणतात.
मी खाल्लाय. नसतो.

दावल मुलाणीचं नाव यादीत होतं, माझं नव्हतं.
वायदंडे सर म्हणालेले, तूही जा चाचणीला,
बॉल धरायला कुणीतरी लागेल.
पुण्यात यंत्रानं वेग मोजला: एकशे एकतीस.
माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला
तो आकडा दोन वर्षं आधीच कळला होता.
ते अजून पुरतं मिटत नाही.

दावलचा हात शाळेत घडला नाही.
मणेराजुरीच्या बागेत, मण्यात पाणी उतरलं की
तो मचाणावर उभा राहून गोफण फिरवायचा.
गोफण तुटली त्या वर्षी नुसत्या हातानं ढेकूळ मारू लागला.
पाखराला लागू द्यायचं नाही, घडाला तर नाहीच,
दोघांच्या मधल्या वीतभर हवेत ढेकूळ फुटलं पाहिजे.
सरांनी रस्त्यावरनं ते बघितलं
आणि सायकल बांधाला टेकवली.
शाळेत तेव्हा चार ग्लोव्ह होते,
आणि होम प्लेट ट्रॅक्टरच्या टायरची.

सातवी फेरी. मग त्यांची जेवणाची सुट्टी.
आठवी. फोन पाच टक्क्यांवर.
नववीत कोटवाला म्हणाला,
धवल मुल्तानी, तासगाव, कर्नाटक.
चार शब्दांत तीन चुका,
गाव तेवढं बरोबर.
साठांतला अठ्ठावन्नावा.
एकच टाळी वाजली, कुणाची ते दिसलं नाही.

मी ओरडलो नाही. काटा चालू होता.
अडत्या म्हणाला, एडके, वजन बोल.
मी म्हणालो, अठ्ठावन्न.
पंधरा किलोच्या बॉक्सला अठ्ठावन्न!
हमालांपासून खरेदीदारांपर्यंत सगळा यार्ड हसला,
आणि तेवढ्यात फोन बंद पडला.

संध्याकाळी गाडी काढून मणेराजुरीला गेलो.
तो बागेतच होता.
सांगितलं.
"कितवा?"
"अठ्ठावन्नावा."
थोडा वेळ तो वेलीच्या तारेकडं बघत राहिला.
"म्हंजे शेवटचा न्हाई."
"न्हाई. तुझ्या मागं दोघं हाईत."
"नावं काय त्यांची?"
मला सांगता येईनात.
"ऐकून ठिवायची रं," तो म्हणाला,
"त्यांच्या गावाकडंबी कोणतरी कान लावून बसलं आसंल."

बुलबुलांचा घोळका पलीकडच्या ओळीत उतरला.
तो वाकला, ढेकूळ उचललं.
मी काही न ठरवता पावलं मोजत मागं गेलो,
दोन घडांच्या मधे उकिडवा बसलो,
डावा हात पुढं धरला.

ठिबकच्या पाण्यानं ओलं होतं ढेकूळ.
फुटलं नाही.
तळहातात तसंच बसून राहिलं, गार,
आणि बुलबुल
निवांत खात राहिले.